हर्षाच्या जेवणखोलीतली रोयण

पेडण्यातल्या हळर्णची हर्षा गावस भित्री आहे, हे ती स्वतःच सांगते. बस वळणावर जरा कलली की पुढच्या सीटची दांडी घट्ट धरते. वीज कडाडली की मोबाइल बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवते. त्याने काय होतं ते तिलाही ठाऊक नाही. लग्न होऊन ती बांद्याहून या घरात आली त्याला चौदा वर्षं झाली, आणि चौदा वर्षांत तिने कुणाला उलट उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. अशा बाईने गेल्या उन्हाळ्यात घरात बंड केलं, आणि घरातल्या कुणाला ते बंड आहे हे कळलंसुद्धा नाही.

त्या घरात आधी सासरे दत्ताराम जेवायचे, मग नवरा सर्वेश आणि मुलगी सेजल, आणि सगळ्यांची ताटं उचलून झाली की स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हर्षा. खरवडलेला भात, तळाची आमटी, माशाची शेपटी. तसं कुणी तिला सांगितलं नव्हतं. सासूबाई जेवायच्या तशी ती जेवत राहिली, आणि कुणी थांबवलं नाही. सरकारी कायद्यांपेक्षा असे न सांगितलेले कायदेच मोडायला जड.

वसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये नारळ आणि पोती ठेवायची एक चिंचोळी खोली होती. सासऱ्यांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नव्हते, एवढं निमित्त तिला पुरलं. वाळपईच्या एका कचेरीतून मोडीत निघालेलं टेबल सर्वेशने मित्राच्या टेम्पोतून आणलं. त्यावरचा शाईचा डाग काही जाईना, म्हणून तिथे तिने डिचोलीच्या कुंभाराकडचं मडकं ठेवलं. चार घरांतून चार तऱ्हेच्या खुर्च्या आल्या, त्यांना तिने स्वतः एकच निळा रंग दिला. जुन्या सुती साडीचा पडदा झाला. बांबूची टोपली उलटी टांगून तिच्यात बल्ब सोडला. टेबल तिने अशा बेताने लावलं की भाताचं पातेलं, आमटी, तळलेल्या मासळीचं ताट मधोमध राहावं आणि प्रत्येकाचा हात पोचावा. वाढायला कुणी उभं राहायची गरजच नाही! सगळी गंमत त्यातच होती. पहिल्या दिवशी ती चौथ्या खुर्चीवर अर्धवट टेकली. सासऱ्यांनी मान वर केली नाही. "भात सरकय गो," एवढंच म्हणाले. त्या दिवशी तिने पहिल्यांदा या घरात गरम भात खाल्ला, आणि तो गिळताना तिला रडू आलं.

एकच चूक झाली. मागच्या भिंतीला ओल होती, खाली बोटभर चीर होती. गवंडी म्हणाला होता की आधी भिंत सुकू दे, मग गिलावा करू. पण गवंड्याची मजुरी वाचवावी म्हणून हर्षाने म्हापशाच्या बाजारातून विटांची नक्षी असलेले चिकटवायचे फोमचे कागद आणले आणि ओल, चीर, सगळं त्याखाली दडपून टाकलं. फोटोत भिंत झकास दिसायची.

श्रावण लागला आणि तिच्याच खुर्चीमागे त्या खोट्या विटा पोट आल्यासारख्या पुढे आल्या. तिने कडा उचकटून पाहिलं. आत तांबड्या ओल्या मातीचा गुडघ्याएवढा ढीग उभा होता. वर लहान लहान शिखरं. एक शिखर अजून ओलं होतं. दुसऱ्या कुठल्या गावात बाईने म्हटलं असतं वाळवी लागली, आणि औषध आणलं असतं. पण पेडण्यात वारुळाला रोयण म्हणतात, आणि रोयण म्हणजे साक्षात सातेरी देवी. देवळात याच मातीच्या ढिगाला साडी नेसवतात. जिच्यापुढे कपाळ टेकायचं, तिला आपण प्लास्टिकच्या विटा चिकटवून कोंडली आणि तिच्याकडे पाठ करून मासे खात बसलो!

पाचावर धारण बसली तिची. सर्वेशला सांगावं, तर तो तुयेंच्या कारखान्यातून येतानाच फवाऱ्याची बाटली घेऊन येईल. देवीवर विष! सासऱ्यांना सांगावं, तर ते सातेरीच्या देवळातले मानाचे माणूस. तिच्या मावशीच्या गावात एका घरी अशीच रोयण आली होती, तर गावाने त्या घराचंच देऊळ केलं. आता त्या घराच्या वसरीत घंटा आहे आणि घरचे लोक मागच्या पडवीत राहतात. इथेही तेच होणार. टेबल जाणार, खुर्च्या जाणार, आणि आपण परत स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात. देवीची भीती मोठी होती, पण त्या कोपऱ्याची भीतीही काही लहान नव्हती, आणि याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

तिने कागद परत चिकटवला आणि पुढे स्टूल ठेवून मनीप्लांटची बाटली मांडली. रोज सकाळी पाववाल्या पोदेराकडून उंडे घेऊन झाले की कुणी नाही असं बघून एक अबोलीचं फूल मागे टाकायची. जेवताना पाठ ताठ करून बसायची. कागदामागे काहीतरी कुरकुरतंय असं तिला ऐकू यायचं. "आई, तू थरथरतंस कित्याक?" सेजलने विचारलं, तर म्हणाली, थंडी.

सातव्या दिवशी सेजल तापाने फणफणली. डॉक्टरने गोळ्या दिल्या, साथ आहे म्हणाला, शाळेतली निम्मी मुलं आजारी आहेत म्हणाला. हर्षाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं, की शिक्षा आली, आणि चुकीची आली, माझ्यावर यायची ती पोरीवर आली. घरी येऊन तिने पोरीला झोपवलं, कपाळावर ओली घडी ठेवली आणि सरळ अंगणात गेली. सर्वेश कामावर होता. सासरे सुपारी सोलत बसले होते.

"बाबा, माझ्या हातून पाप झाला," ती म्हणाली.

ते काही न विचारता उठले. जेवणखोलीत जाऊन त्यांनी स्वतःच स्टूल बाजूला केलं आणि कागद ओढला. सुकलेली अबोली खाली पडली. हर्षा दाराची चौकट धरून उभी राहिली. आता म्हणणार, मेज बाहेर काढ. आता म्हणणार, भटाला बोलव.

"रोज फुलां घालतंस, ती माका दिसनत नाय?" दत्ताराम हळूच म्हणाले. "माका चवथ्या दिसाच कळला, गो. कागद परत फुगलो तेवाच."

"मगे बोलूक नाय तुमी?"

"भियालंय," म्हातारा म्हणाला. "बोललंय तर गावकार येतले. मगे ही खोली आमची ऱ्हवाची नाय."

म्हणजे चार दिवस दोघंही एकाच भिंतीला घाबरून, एकमेकांपासून लपवून, समोरासमोर बसून आमटीभात खात होते.

त्यांनी तिच्याकडून नारळ आणि विडा मागून घेतला. गुडघे वाकेनात म्हणून चौथ्या खुर्चीची पाठ धरून ते रोयणीसमोर उभे राहिले आणि देवीला गाऱ्हाणं घालायला लागले. हर्षाने तसंच मागे सरायला घेतलं, कारण गाऱ्हाण्याला मागून हो म्हणायला बाप्ये असतात, बायका नव्हे.

"खंय चललंस? हांगा दुसरो कोण आसा? तूंच म्हण."

दत्तारामांनी हात जोडले.

"आई सातेरी, तूं आमच्या घराक इलंस, आमचा भाग्य."

"व्हय म्हाराजा," हर्षा पुटपुटली.

"पण हय जागा बारीक. परसात फणसाच्या मुळात आमी तुका जागा दितंव. माती माझ्या हातान व्हरतलंय, लोखंड लावचंय नाय. पोरीचो ताप उतरय."

"व्हय म्हाराजा."

दत्ताराम पुढे म्हणाले, "ह्या सुनेन चौदा वर्सां सगळ्यांच्या मागसून थंड भात खाल्लो. डोळे असान माका दिसूक नाय. आता खंय ती आमच्या वांगडा बसता. तिची कदेल तिका ऱ्हवांदी."

ते थांबले. गाऱ्हाणं हो म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. आतल्या खोलीत सेजल कण्हत होती, भिंतीतून माती झरत होती, आणि हर्षाच्या तोंडातून शब्द फुटेना. देवीच्या तोंडावर, स्वतःच्या खुर्चीसाठी, स्वतःच हो म्हणायचं? दत्ताराम हात जोडून, मागे वळून न पाहता, उभे राहिले. त्यांचे गुडघे कापताना तिला दिसत होते.

"व्हय म्हाराजा," हर्षा म्हणाली, या खेपेला मोठ्याने.