शेपटीची सर्वो

आमचे हे सुट्टीच्या दिवशी कुकटपल्लीच्या घराच्या गच्चीवर रेडिओवर उडणारी छोटी जेट विमानं बनवायचे. बाहेरचा माल तेव्हा नुकताच दुकानात मोकळा मिळायला लागला होता, आधी कुणी परदेशातून पिशवीत आणलं तरच. मला त्या विमानांची लई भीती. आवाज असा की काळजात धस्स व्हायचं, आणि वाटायचं हे लोकांवर पडलं तर, माझ्या लेकीवर पडलं तर. म्हणूनच सर्वो मी निवडायची. सर्वो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. इकडं रेडिओची दांडी हलवली की तिकडं तिचा छोटा हात फिरतो आणि विमानाच्या शेपटीची पट्टी वर-खाली होते. तीच अडकली तर विमान सरळ जमिनीत.

सातवीपर्यंतच शिकले मी, खोक्यावरचं इंग्रजी कळायचं नाही. पण लेकीला कडेवर घेऊन सर्वोच्या हाताला वजन टांगायचं, रेडिओच्या दांडीनं वर-खाली करत राहायचं, थांबवली की कानाशी धरायची. चांगली असली तर जागेवर गप राहते, वाईट कुरकुरत बसते. घाबरणारा माणूस नीट बघतो, हे मी छातीठोक सांगते.

दसऱ्याला मोठं जेट पहिल्यांदा उडणार होतं, गल्लीतले सगळे बघायला येणार होते. आदल्या दिवशी खंडेनवमी. सासूबाईंनी पान्हे, पकडी, रेडिओ सगळं पाटावर मांडलं, आणि शेपटीसाठी मी पास करून ठेवलेल्या सर्वोलाही ओल्या बोटानं हळदीकुंकू लावलं, अगदी जिथून तिचा हात बाहेर येतो तिथंच.

सकाळी मी ती पुसली, वजन टांगलं, कानाशी धरली. कुरकुर.

"ही नको," मी ह्यांना म्हटलं. "जुन्या विमानातली काढून लावा."

"अगं, काल तूच पास केलीस ना? नवी आहे, भारीतली आहे."

"काल तिच्यात हळद नव्हती."

सासूबाई फणकारल्या, "देवाची हळद बाधायली व्हय? काय पण बोलतीस!"

"हळद नाही हो आई, पाणी बाधतं. आत बारीक दाते आहेत तिच्या."

"माझा लेक कारखान्यात मशिनी चालवायला, आणि ही त्याला कान लावून सांगायली!"

हे हसले. "लोक वाट बघायलेत. एक फेरी मारतो, उतरवतो."

सासूबाईंपुढं त्या दिवसापर्यंत मी कधी तोंड उघडलं नव्हतं, तरी ती सर्वो पदराच्या गाठीत बांधली आणि एका दमात म्हटलं, "जुनी लावा, नाहीतर मी लेकीला घेऊन घरीच बसते, आणि आईंनाही येऊ देत नाही."

ह्यांनी जुनी लावली. रंग उडालेली, पण गप राहणारी.

मैदानावर जेट किंचाळत डोक्यावरून गेलं, नाक खाली करून ते झाडांकडं निघालं, ह्यांनी दांडी ओढली, शेपटीची पट्टी वळली आणि विमान वर चढलं. सासूबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"पडंल का गं?"

"नाही पडणार, आई."

उतरल्यावर लोक ओरडायला लागले, "और एक बार, भाई!" हे माझ्याकडं बघत उभे राहिले. मी लेकीला सासूबाईंकडं दिलं, वाकले, शेपटीचं झाकण काढून सर्वोला बोट लावलं. अडत असती तर तापली असती; कोमट होती, तेवढंच.

"उडवा," मी म्हटलं.