कढीपत्त्यावरचा साप

आमच्या भाजे गावात आजवर लय जणांला साप दिसले, पण माझ्या करंगळीएवढा साप फक्त मलाच दिसला.

दारातल्या कढीपत्त्याची पानं तोडाया गेलते. हात लावला आन् पानच हाललं! हिरवंगार अंग, मोठ्ठे डोळे आन् डोक्यातनं लालबुंद दोन टोकांची जीभ! (वास तर असा की इचारू नका.) मी जी बोंबलले, "साऽप! आत्या, साऽप!"

आत्या म्हंजी माझी सासू. त्या काठी घेऊन धावल्या. शेजारचे आबा फावडं घेऊन आले. मी तान्ह्या बारक्याला काखेत मारून कवाच ओट्यावर!

माझी आरू तिसरीला हाय. ती आली, वाकून बघितलं. "आई, अळी हाय ही. घाबरली की लाल शिंगं काढती, पाखरांला साप वाटावा म्हनून."

"पाखरं फसत्यात का नाय, देवाला ठावं," आबा म्हनले, "पर तुजी आई फसली!"

आत्या मात्र झाडाकडं बघत व्हत्या. "पार बोडका केला की माझा कढीपत्ता! रविवारी लेणी बघनारी पाव्हनी जेवाया येत्यात, पिठल्याला फोडणी कशाची देऊ? टाक ती कोंबडीम्होरं!"

आरूचे डोळे भरले. "आज्जी, नको गं! तिचं फुलपाखरू व्हनार हाय. मी नाव बी ठिवलंय, हिरा. आई, मी शाळंतनं येस्तोवर राखशील न्हवं?"

आता मी पालीला बघून घर सोडनारी बाई! पर तोंडातनं गेलं, "व्हय."

आरू गेली आन् कोंबडी आली. तिला डालग्याखाली कोंडली. मग बुलबुल आला. त्याला पदरानं हाकलला, तर त्यो बायकूला घेऊन आला! मग मुंग्यांची रांग. माझा जीव निस्ता खालीवर. शेवटी बारक्याची छत्रीवानी उघडनारी मच्छरदाणी आनली आन् त्या ठेंगण्या झाडावर पालथी घातली.

"तान्हं उघडं आन् अळीला मच्छरदाणी!" आत्यांनी कपाळावर हात मारला.

सांजच्याला आरू पळत आली, मच्छरदाणी उचलली. झाडावर हिरा न्हाईच! पान आन् पान उलटं केलं, न्हाई. "मी हिथंच व्हते गं," म्हनले आन् परत पानं उलटाया लागले.

आरू रडली न्हाई. माझा हात धरून म्हनली, "असू दे आई. पाखरांला बी पिल्लं असत्यात." मंग काय, मीच रडले! अळीसाठी!

दिवेलागणीला बारक्यावर घालाया मच्छरदाणी झटकनार, तवर आत्यांनी मनगाट धरलं. "थांब गं, काय चिकाटलंय?" आतल्या कोपऱ्यात दोऱ्यानं बांधल्यावानी एक हिरवी पुडी.

"कोश! हिराचा कोश!" आरू नाचाया लागली.

तवापासनं मच्छरदाणी पडवीत खिळ्याला, आन् आमी डासांला. अळीनं पानं खाल्ली, डासांनी मला खाल्लं, बारक्याला तेवढं मी पदराखाली झाकलं. म्हनलं, लिंबाच्या पाल्याचा धूर करावा. तर आत्याच आडव्या! "धूर नको. त्या पोरीला ठसका लागंल."

"कुठल्या पोरीला?"

"हिराला!"

एका सकाळी पुडी फुटली. काळंभोर फुलपाखरू, पंखांवर पांढरे ठिपके. आत्यांनी बोट धरलं, तर त्यावर चढून बसलं. पंख वाळस्तोवर आत्या हालल्या न्हाईत. चुलीवर दूध उतू गेलं, तरी न्हाई. मग ते उडालं. आरू हात हालवत राहिली, आन् आत्या डोळं पुसत म्हनल्या, "चुलीचा धूर गेला." (चूल कवाच इझली व्हती.)

परवा फोडणीला पानं तोडाया गेले. झाडाला नवी पालवी आलती. हात लावला आन् पानच हाललं! डोळे, लाल जीभ, त्योच वास!

"साऽप! आत्या, साऽप!"

मी ओट्यावर. ह्या खेपेला ना काठी आली, ना फावडं. आतनं आत्यांचा निवांत आवाज तेवढा आला:

"वरडू नगंस, घाबरंल ती. बारक्याची मच्छरदाणी आन!"