सपाट बुडाचं पातेलं

सेलूला खोली मिळाली ती एका अटीवर. चूल नको, रॉकेलचा स्टोव्हही नको, भिंतींचा नवा रंग काळा होतो. म्हणून माझ्या मास्तर नवऱ्यानं विजेची शेगडी आणली, वर गुळगुळीत लोखंडी तबकडी असलेली. झालं का आता! माझी सगळी भांडी गोल बुडाची. तबकडीवर ठेवली की डुलायची, आणि कितीही वेळ ठेवा, दूध आपलं कोमटच. जाड, सपाट बुडाचं एकच पातेलं होतं, वडलांनी लग्नात दिलेलं. त्याच्या पोटावर त्यांनी मोठ्या हौसेनं ‘जय भीम’ कोरून घेतलं होतं, खाली माझं नाव.

आमचं आडनाव कुठल्याही समाजात सापडणारं, त्यामुळं घरमालकिणीनं पुढं काही विचारलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव आमच्या लोकांची घरं जळायलेली. ही खोली गेली तर तान्ह्या लेकीला घेऊन जायचं कुठं? नवरा म्हणाला, ते पातेलं पेटीतच राहू दे, दुसरं सपाट बघून आणू. पण बाजार बंद. माझं दूध लेकीला पुरत नव्हतं, ती रडून रडून लाल झालेली. मला संतापच आला. काढलं पातेलं, अक्षरं भिंतीकडं केली आणि वरचं दूध तापायला ठेवलं.

दूध वर यायला लागलं तसं बटण बंद केलं. पण बटण बंद केलं तरी ही मेली तबकडी तापलेलीच राहते, हे मला कुठं माहीत! लेकीला उचलेपर्यंत दूध उतू गेलं, खोलीभर जळका वास सुटला. मालकीण धावत आली. बिचारीनं पदरानं पातेलं धरून खाली ठेवलं, आणि अक्षरं नेमकी तिच्यासमोर आली. ती वाचत राहिली. मग तिनं पदराचं ते टोक चिमटीत धरून अंगापासून लांब केलं.

“आदी सांगायचं होतं,” ती म्हणाली.

“आदी विचारायचं होतं,” मी म्हणाले. शब्द मागं घेतला नाही.

तिच्या भाच्याला लगेच खोली लागायला लागली. टांगा दारात आला तेव्हा नवरा हळूच म्हणाला, पातेलं गाठोड्यात घाल. मी लेकीला त्याच्याकडं दिलं आणि पातेलं मांडीवर घेऊन बसले, अक्षरं रस्त्याकडं करून.