एकाच जागी दोन गाठी

लसीकरणाचा बुधवार होता. मांडीवर एक रडकं पोर, हातात सिरिंज, आणि दारातून आमची आशा सेविका रंजना म्हणाली, "सिस्टर, सोमीआजी गेली. पहाटंच." मी सुई टोचली, कापूस दाबला, पोर आईकडे दिलं. आणि त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता तरी बायका आधी माझ्याकडे येतील. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, मला कळतं. पण सोमीआजीबद्दल लिहायचं आणि माझा हेवा झाकून ठेवायचा, तर मग लिहायचंच कशाला?

मी मूळची आगरची. समुद्राच्या काठावरून रानशेतच्या आतल्या बाजूला, या पाड्याच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आले त्याला अकरा वर्षं झाली. नवी खुर्ची, नवा वजनकाटा, भिंतीवर गर्भाची महिन्यामहिन्याची वाढ दाखवणारा तक्ता. मी सगळं घासूनपुसून ठेवलं आणि बायकांची वाट बघत बसले. त्या यायच्या. लोहाच्या गोळ्या घ्यायच्या, गोड हसायच्या आणि बाहेर पडून थेट सोमीआजीच्या घराकडे वळायच्या. माझ्या खिडकीतून ती पायवाट स्वच्छ दिसते. खिडकी दुसऱ्या भिंतीला असती तर माझी निम्मी वर्षं सुखात गेली असती.

सोमीआजी पाड्याची सुईण. सुकलेल्या बोंबलासारखी किडकिडीत, कमरेत वाकलेली, पण हात मोठे, पुरुषासारखे. गरोदर बाईला तिसरा महिना सरला की ती तिच्या नावाने कच्च्या सुताचा एक दोरा काढायची. दोऱ्याचं एक टोक ओटीपोटाच्या हाडावर धरायचं, दुसऱ्या हाताने चाचपत गर्भाशय कुठवर चढलंय ते बघायचं आणि तिथे गाठ मारायची. दर महिन्याला एक नवी गाठ, आधीच्या गाठीच्या वर. दोरा तिच्या घराच्या कुडाला खिळ्यावर टांगलेला. मूल जन्मलं की तोच दोरा हळदीत बुडवून दुमडायचा आणि बाळाच्या कमरेला करदोडा म्हणून बांधायचा. आईच्या पोटात जेवढं वाढलास तेवढं कमरेला घेऊन फिर, असं काहीतरी.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा नाक मुरडलं. घरी आल्यावर अंगाचा तिळपापड झाला. कारण ट्रेनिंगमध्ये आम्हाला इंचपट्टीने जे शिकवलं होतं ते अगदी हेच होतं. तेच हाड, तेच वरचं टोक. मला ते शिकायला वसतिगृहात राहून कच्च्या पोळ्या खाव्या लागल्या, परीक्षा द्यावी लागली. आणि हिला? विचारलं तर म्हणाली, "कोण शिकवल? हात लावला, लावला, मग हात सांगाया लागला."

एकदा ती उपकेंद्रात आली आणि तक्त्यासमोर बराच वेळ उभी राहिली. डोकं खाली, पाय वर असं नवव्या महिन्यातलं बाळ. मला वाटलं, आता विचारेल, मी सांगेन. इतक्या दिवसांनी एक संधी... तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "बाकी बराबर हाय. पण आमच्यात असा गुलाबी नाय होत." बाकावरच्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले, पण ते हसणं मला अजून सलतं.

घरी बाळंतपण करायचं तिने माझ्या येण्याच्या आधीच सोडलं होतं. कळा सुरू झाल्या की ती स्वतःच गाडी बोलवायला सांगायची आणि बाईबरोबर कासाच्या दवाखान्यात जायची. मला तक्रारीला जागा म्हणून नाही. गाडीत मी सगळी तयारी घेऊन एका बाजूला, आणि बाई मात्र दुसऱ्या बाजूला बसलेल्या आजीचा हात घट्ट धरून. एकदा तर बाळ गाडीतच झालं. ते आलं माझ्या हातात, नाळ मी कापली, आणि त्या बाईने डोळे उघडून विचारलं ते आजीला, "आजी, काय झाला?" माझ्या पोटात दुखायचं ते असं.

आता खरं सांगते, ज्यासाठी हे लिहायला घेतलं.

चार वर्षांपूर्वी जयवंतीला पहिल्या खेपेचा आठवा महिना होता. आजी तिला घेऊन माझ्याकडे आली. हातात दोरा. "सिस्टर, बघ. दोन महिन्यांच्या गाठी एकाच जागी बसल्या. पोर वाढत नाय." मी पट्टी लावली. अठ्ठावीस सेंटीमीटर. नोंदवहीत मागच्या महिन्याचा आकडाही अठ्ठावीस. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाखाली एक. कोणत्याही नर्सने त्याच क्षणी चिठ्ठी लिहून तिला पुढे पाठवलं असतं. मी काय केलं? मागच्या वेळी माझंच मोजायला चुकलं असेल, असं स्वतःला सांगितलं. दोरा खरा ठरण्यापेक्षा माझी पट्टी एकदा खोटी ठरली तरी मला चालणार होती. डॉपलर लावला, ठोके ऐकवले आणि म्हटलं, "ठोके छान आहेत. घरी जा, आराम कर." आजीने माझ्याकडे पाहिलं. दोरा गुंडाळून कनवटीला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जयवंतीला जीपमध्ये घालून कासाला घेऊन गेली. तिथे सोनोग्राफी झाली. बाळाला रक्तपुरवठा कमी पडत होता. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात हलवून ऑपरेशन झालं. मुलगी, दीड किलोची. काचेच्या पेटीत राहिली, पण जगली. पुढच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांनी माझं नाव घेऊन मला उभं केलं. वेळेवर ओळखलंत, पाठवलंत, सगळ्यांनी यांच्याकडून शिका. टाळ्या पडल्या, गुच्छ मिळाला. आजीने कासाला सांगितलं होतं, "सिस्टरनी पाठवला."

मी गुच्छ घेतला. घरी नेला, फुलदाणीत ठेवला. काही बोलले नाही.

खूप दिवसांनी तिला गाठून विचारलं, "आजी, खोटं का बोललीस?" ती ओटीवर भात पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "तुला वरडले असते. मग बाया तुझ्याकडं कशाला आल्या असत्या? मी काय, आज हाय उद्या नाय." मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. हात तिचा मोठा, आता मनही तिचंच मोठं. मला निदान कुठेतरी वरचढ होऊ द्यायचं...

आजीचे दिवस झाल्यावर मी तिच्या घरी गेले. कुडाच्या खिळ्यावर पाच दोरे लटकत होते, अजून बाळंत न झालेल्या पाच बायकांचे. सुनेने ते काढून माझ्या हातात ठेवले. "आईनी सांगितला होता, सिस्टरला दे." कुठला दोरा कोणाचा, मला काही कळेना. पुढच्या तपासणीला मी ते टेबलावर पसरले, तर एकेकीने क्षणात आपापला उचलला.

त्यातली एक जयवंती. दुसरी खेप, सहावा महिना. बरोबर चार वर्षांची लेक, झग्याखाली करदोडा. मी तो बोटाने चाचपला. एका जागी दोन गाठी चिकटून होत्या. माझ्या तोंडून निघालंच, "जयवंती, त्या दिवशी मी तुला घरी जा म्हटलं होतं. कासाला पाठवलं आजीने. मी नाही."

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "माहीत हाय की. मीच होती ना तिथं."

म्हणजे पाड्यात सगळ्यांना माहीत होतं. चार वर्षं. मी पट्टी गुंडाळायला घेतली.

"तरी माझ्याकडे येत राहिलीस?"

"आजी सांगायची, जात जा. बोलायची, सिस्टरचा हात अजून शिकतोय."

ती टेबलावर आडवी झाली. मी आधी पट्टीने मोजलं, वहीत लिहिलं. मग दोऱ्याचं टोक हाडावर धरलं, दुसऱ्या हाताने चाचपत वर गेले, आणि गाठ मारली. जयवंतीने उठून ती ओढून पाहिली. "सैल झाली, सिस्टर." तिने ती सोडवली, मी पुन्हा मारली. आता तक्त्याशेजारी मी एक खिळा ठोकला आहे. पाचही दोरे तिथे आहेत. गाठींकडे पाहिलं की आजीच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या, हे लांबूनही ओळखू येतं.