मेहुण्यांचे पाच किलो

आमचे मेहुणे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करतात. चाळीस वर्षं काट्यांची लबाडी पकडण्यात गेली, त्यामुळे आरशात स्वतःला बघायच्या आधी ते आरशाची मागची बाजू बघतील. असा माणूस मला भारी आवडतो!

त्यांचा गुडघा पार कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, ‘‘ब्याऐंशीच्या खाली या, मगच ऑपरेशन.’’ मेहुणे तीन महिने घरी बसले, मोजूनमापून जेवले आणि एक्क्याऐंशीवर आले. तारीख मिळाली. त्या आनंदात काठी टेकत दुकानांच्या फेऱ्या पुन्हा सुरू केल्या, आणि दीड महिन्यात शहाऐंशी!

‘‘हे पाच किलो घातले कुणी?’’ असं म्हणून मेहुण्यांनी तपास आरंभला. पहिला संशय घरच्या काट्यावर. पितळी वजनं ठेवून पाहिली, काटा चोख. मग संशय बायकोवर. तेलाचा डबा सकाळ-संध्याकाळ तोलू लागले.

‘‘दादा, एवढ्या वर्षांत चोरीचा आळ नव्हता आला,’’ बहीण माझ्यापाशी फणकारली, ‘‘आता तेल चारल्याचा आलाय! एक दिवस जा बघू यांच्याबरोबर.’’

गेलो. पहिल्या दुकानात त्यांनी काटा नीट केला, खात्रीसाठी मूठभर शेंगदाणे तोलले. दुकानदार म्हणाला, ‘‘आता पोत्यात कुठं टाकता परत? असू द्या.’’ शेंगदाणे तोंडात. पुढच्या दुकानात खजूर. तिसरीकडे बिस्किटं. अशी सात दुकानं!

‘‘मेहुणे, खाताय काय हे?’’

‘‘खातोय कुठं? काटा तपासतोय!’’

दुसऱ्या दिवशी बहिणीनं पिशवी दिली. तोललेलं सगळं तिच्यात टाकायचं. संध्याकाळी पिशवी भरली सहाशे दहा ग्रॅम. मेहुणे तिच्याकडे असे बघत राहिले, जणू ती शेजाऱ्यानं आणून ठेवलीय.

डॉक्टरांनी तारीख दोन महिने पुढे ढकलली. म्हणाले, ‘‘वजन उतरलं की शरीर आधीपेक्षा जास्त भूक मागतं. भल्याभल्यांना जमत नाही. यात कुणाची लबाडी नाही.’’

मेहुणे माझ्या कानाशी लागले, ‘‘लबाडी नाही, हे एवढं ठासून का सांगतात हो?’’

तेव्हापासून बहीण रोज पिशवी तोलते. काल मी तिथंच होतो. ऑपरेशनला नऊ दिवस उरलेत आणि मेहुणे अजून अर्ध्या किलोनं जास्तच. पिशवी भरली फक्त दोनशे.

‘‘आज दोनशेच?’’ बहिणीनं डोळे बारीक केले. ‘‘दुकानं किती केलीत?’’

‘‘सातच की.’’

‘‘अहो, खिसे दाखवा.’’

‘‘दादांसमोर?’’

‘‘दादांसमोरच!’’

मेहुण्यांनी डावा खिसा उलटा केला, रिकामा. उजव्यात हात घातला आणि तो तसाच आत ठेवून ते उभे राहिले.