अण्णांनी शोधलेला सपाट रस्ता

मला सायकल चालवता येत होती. फक्त तिच्यावर चढता आणि तिच्यावरून उतरता येत नव्हतं.

ही गोष्ट लग्नानंतर उघडी पडली, नव्वदच्या दशकात. एका सरकारी खात्यात निरीक्षकाच्या जागेसाठी मी लेखी परीक्षा पास झाले आणि शारीरिक चाचणीचं बोलावणं आलं. तीन किलोमीटर सायकल, ठरलेल्या वेळेत. सायकल ज्याची त्याने आणायची. आमच्याकडे नणंदेची जुनी लेडीज सायकल होती. तिची सीट गंजून वरच अडकलेली आणि माझी उंची बेताची. त्यामुळे मला चढायला दगड लागायचा आणि उतरायला माणूस.

आमचे हे ओझरच्या कारखान्यात होते, सकाळी लवकर बस पकडायचे. म्हणून माझ्या सरावाची जबाबदारी सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, उचलली. ते नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरात काय करायचं हा प्रश्न त्यांना (त्यांच्यापेक्षा सासूबाईंना जास्त) पडलेला होता.

"रस्ता असा पाहिजे," अण्णा चहा पिता पिता म्हणाले, "की चढ नको, खड्डे नकोत, रहदारी नको."

"नाशकात?" सासूबाईंनी विचारलं.

अण्णा स्कूटर काढून रस्ते बघायला लागले. पहिला गंगापूर रोड. तिथे रहदारी त्या मानाने कमी होती, पण ओळखीचे लोक फार. "काय वहिनी, आज सायकलवर?" असं जो तो विचारायचा, आणि मला थांबता येत नसल्यामुळे मी उत्तर न देता पुढे जायची. आठवड्याभरात मी शिष्ट झाल्याची बातमी घरी पोचली. मग मखमलाबादकडचा रस्ता. तिथे द्राक्षांचा हंगाम सुरू झाला आणि मागून क्रेट भरलेले ट्रॅक्टर यायला लागले. हॉर्न वाजला की मी डोळे मिटायची. अण्णांनी दोनदा पाहिलं आणि तो रस्ता रद्द केला.

शेवटी एक दिवस ते खुशीत घरी आले. "सापडला. मळ्यांमधून जातो. नवीन डांबर, दोन्ही बाजूंना झाडं, आणि सबंध सकाळभर चिटपाखरू नाही."

"जातो कुठे?" सासूबाईंनी विचारलं.

अण्णा स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवायला लागले. "स्मशानाकडे जातो. पण सपाट आहे."

रस्ता खरोखरच सुरेख होता. मैलाच्या दगडावर पाय ठेवून मी निघायची, अण्णा घड्याळ बघत मागून स्कूटरवर यायचे, आणि शेवटी पुढे जाऊन मला धरायला उभे राहायचे. चार-पाच दिवस छान गेले. मग एका सकाळी मी वळण घेतलं आणि समोर अंत्ययात्रा.

रस्ता भरून माणसं चालली होती. थांबायची सोय नव्हती. घंटी वाजवायची हिंमत नव्हती. मी शक्य तितकी हळू, डुगडुगत, मागे मागे चालवत राहिले. मागच्या माणसांनी वळून पाहिलं. लांबून कुणी नातेवाईक धावत आली असं समजून त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. पुढच्यांनीही दिली. बघता बघता मी गर्दीतून तिरडीच्या बरोबरीला आले. आता आणखी पुढे जाणं काही बरं दिसणार नाही, एवढं मला कळलं. मी हँडल वळवलं आणि सरळ कांद्याच्या वाफ्यात पडले.

गुडघा सोलवटला होता. मला रडू आवरेना. पांढऱ्या टोपीतले एक आडदांड गृहस्थ धावत आले आणि मला उठवून म्हणाले, "सावरा ताई. लय जीव व्हता का तात्यांचा तुमच्यावर?"

मी नुसती मान डोलावली. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर आणखी रडले असते.

तेवढ्यात अण्णा आले. त्यांनी स्कूटर लावली, टोपी काढली आणि हात जोडले.

"तुम्ही कोण तात्यांचे?" त्या गृहस्थांनी विचारलं.

"मी हिचा सासरा," अण्णा म्हणाले. ते खरंच होतं.

नमस्कार केल्यावर अर्ध्यातून परतणं अण्णांना प्रशस्त वाटेना. ते सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत गेले. मी कडुनिंबाखाली सायकल धरून बसून राहिले. घरी आल्यावर सासूबाईंनी आम्हा दोघांना दारातच अडवलं आणि आधी मोरीत पिटाळलं.

"गेलं कोण?"

"तात्या," अण्णा म्हणाले.

"कोण तात्या?"

"ते नाही माहीत. पण माणूस चांगला होता. पाच जण भाषणात तेच बोलले." आणि दहाव्याला अण्णा पुन्हा जाऊन आले.

त्या पडण्याने एक झालं. पडायची भीती गेली आणि मी पाय टेकून उतरायला शिकले. चाचणीच्या दिवशी सायकल मी वेळेच्या आत पुरी केली. मग साहेबांनी शिट्टी वाजवली. "आता चालण्याची चाचणी."

बोलावण्यात ती लिहिलेलीच होती. पण चालायचा काय सराव करायचा, म्हणून आम्ही सगळ्यांनीच तिकडे दुर्लक्ष केलं होतं. माझ्या शेजारी मालेगावची एक बोलकी मुलगी होती. स्वतःचं लग्न कुठे अडलंय ते मला सांगता सांगता ती इतकी पुढे गेली, की शेवटी ते जमलं की नाही हे मला ऐकूच आलं नाही. चालण्यात मी नापास झाले.

अण्णा फाटकाशी उभे होते.

"सायकल?"

"पास."

"मग तोंड का असं?"

"चालण्यात राहिले."

त्यांनी माझ्या हातातून सायकल घेतली आणि आम्ही पायी घरी निघालो. मला वाटलं, एवढी वणवण केली बिचाऱ्यांनी, आता रागावतील. मला त्यांच्याकडे बघवेना.

कोपऱ्यावर सायकल वळवताना ते म्हणाले, "चालायला थोडा चढ असलेला बरा. उद्या बघून येतो."

पुढच्या वर्षी मला दुसऱ्या खात्यात नोकरी लागली. तिथे शारीरिक चाचणी नव्हती. काम दिवसभर बसून करायचं होतं, आणि त्यात मी आजवर कधीही कमी पडलेले नाही.