घाटाची घोडी

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, त्या चढत्या धावपट्टीवर, बैलांच्या पुढं घोडी पळवणारी जया म्हणजे सुप्याकडची नामांकित बाई. कर्करोगात तिचा डावा स्तन गेला, केमोनं केस गेले. तोंड मात्र शाबूत राहिलं. "एका अंगाचं वजन उतरलं, घोडी दुवा देईल," म्हणायची. घोर एकच होता: डाव्या हातात लगाम टिकेल का? ऑपरेशनपासून ती मूठ नीट आवळतच नव्हती.

घोडीवर बसू का विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "बसा, पण घोडी हळू चालवायची."

जयानं मान डोलावली आणि गावी येताच घाटात घोडीवर मांड टाकली.

सासू रतनबाई ओरडली, "अगं, ही घाटाची घोडी! मांड बसली की पळायचं, एवढंच शिकलीय. डॉक्टरला सांगितलं न्हाईस व्हय?"

"त्यांनी इचारलं न्हाई, आत्याबाई!"

तेवढ्यात घोडी सुटलीच. स्कार्फ उडून बाभळीला अडकला, टक्कल उन्हात चमकलं.

"अगं, डोकं तरी झाक!"

"हात मोकळा न्हाई!"

घाटाच्या वरच्या टोकाला घोडी थांबली, तेव्हा जयानं खाली पाहिलं. लगाम डाव्या मुठीत गच्च होता. धापा टाकत ती खाली ओरडली, "आत्याबाई, पंचांना सांगा, जत्रंला घोडी आपलीच!"